पिल्लामागे धावता येत नाही, म्हणून त्यालाच आपल्याकडे यायला शिकवायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाठीच्या कण्याला इजा डी-10 ची (पाठीच्या मणक्यांचे हे नंबर वरून खाली मोजतात), कमरेखाली संवेदना नाही, मिस्टर नऊला ड्युटीवर जातात आणि दोन महिन्यांचं गावठी पिल्लू दिवसभर तुमच्या पायांना नाहीतर व्हीलचेअरच्या चाकांना चिकटलेलं. परत देऊन टाकू का, असं विचारलंत. देऊ नका. मी अकरा वर्षं चेअरवर आहे, इजा डी-4 ची. नागपुरात प्रतापनगरच्या तळमजल्यावर मी चिंगीला एवढ्याशीची मोठी केली, तीही गावठीच.

शिकवणं नंतर, आधी पाय. चिंगी तीन महिन्यांची असताना एका दुपारी माझं डोकं एकदम ठणकायला लागलं, चेहरा लाल, मानेवर घाम. खाली पाहिलं तर ती माझा अंगठा चावत होती. डी-6 किंवा त्याच्या वर इजा असेल तर असं होतं. खालची वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही, पण रक्तदाब झपाट्याने चढतो; कारण लगेच दूर केलं नाही तर जिवावर बेतू शकतं. तुमची इजा डी-10 ची, म्हणजे तुम्हाला बहुधा हा इशाराही मिळणार नाही. म्हणून डोळ्यांनीच पाहायचं. घरातही पुढून बंद, जाड बूट घाला आणि रोज रात्री आरसा धरून टाचा, तळवे, बोटांच्या बेचक्या तपासा. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी असेल तर ती पॅन्टच्या आतून घ्या. लोंबणारी नळी पिल्लाला खेळायची दोरीच वाटते.

ओरखडा दिसला की साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो, यांपैकी एक सरकारी रुग्णालय गाठा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ‘घरचंच तर आहे’ म्हणून थांबू नका, पिल्लाला स्वतःची रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात.

आता शिकवण्याचं. चालणारा माणूस पिल्लाला धावत जाऊन उचलतो, वाकून त्याच्या तोंडातली चप्पल काढतो. आपल्याला यातलं काही जमत नाही, म्हणून आपल्याकडे पहिला धडा ‘बस’ नाही, ‘ये’. चेअरचे ब्रेक लावा, हात मांडीच्या बाजूला खाली सोडा. पिल्लाचं नाक तळव्याला लागलं त्या क्षणी ‘हां!’ म्हणा आणि उकडलेल्या चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा द्या. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. मग हात थोडा दूर, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाहून. रागावण्यासाठी मात्र ‘ये’ कधीच म्हणू नका. एकदा जरी ‘ये’ म्हणून बोलावून दटावलंत, तर पुढच्या वेळी ते पलंगाखाली बसेल आणि तिथून काढणं आपल्या हातात नाही. खाली वाकता येत नसेल तर लाकडी पळीला थोडं दही लावून ती पुढे करा, मी सुरुवातीला तेच केलं.

चाकांसाठी एकच शब्द ठेवा, मी ‘सरक’ ठेवला. चेअर हलवण्याआधी दर वेळी ‘सरक’ म्हणून तुकडा दोन हात लांब टाकायचा. ते तिकडे गेलं की मगच चाक फिरवायचं. चिंगीला तीन आठवडे लागले. मिस्टरांनाही हाच शब्द वापरायला सांगा, घरात दोन शब्द झाले की पिल्लू गोंधळतं. पिल्लाची दोरी चाकाला किंवा मनगटाला कधीच बांधू नका.

ते चावलं की चेअर मागे घेऊ नका, हलणारं चाक दिसलं की ते आणखी चेकाळतं. हात वर घ्या, मान वळवा, गप्प राहा. बूट तर पायात आहेतच. तरी थांबलं नाही तर त्याला जाळीपलीकडे झोपवा. या वयाची पिल्लं दिवसातले 16 ते 18 तास झोपतात आणि झोप अपुरी झालेलं पिल्लू जास्त चावतं, हे मला फार उशिरा कळलं.

शी-शूचं सोपं आहे: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच गॅलरीतल्या पेपरवर. उचलायला लांब दांड्याची सुपली आणा.

लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर जमिनीवर सोडू नका. पुढे फिरवाल तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार आधी करा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, सिमेंटचे रस्ते संध्याकाळी सातलाही तापलेले असतात. पिल्लाचे पंजे भाजतात, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना इजेखाली नीट घाम येत नाही, त्यामुळे अंग तापलेलं आपल्याला उशिरा कळतं. आम्ही दोघं पहाटे साडेपाचला निघतो आणि साडेसहाच्या आत कूलरसमोर असतो.

सध्या फक्त हाताला नाक लावणं आणि ‘सरक’, एवढंच घ्या. दहा दिवसांनी कुठवर आलं ते लिहा, मग दोरीवर चालवायचं बघू.