नर्सिंगच्या पोस्टिंगमध्ये दुखलं की स्वतःहून पेनकिलर घ्यावी का?

मॉर्निंग ड्यूटीत पाठ धरते, पाळीत पोट दुखतं, मग रूममेटकडची गोळी घेतेस आणि विचारतेस, ‘फार्माकॉलॉजी शिकलोय, मग बिघडलं कुठे?’ गोळी घेण्यात काही बिघडत नाही. कळा सोसत वॉर्डात उभं राहायची काहीच गरज नाही.

पण अगं, पेशंटला गोळी देण्याआधी तू ॲलर्जी विचारतेस, मागचा डोस चार्टवर बघतेस, जेवलात का तेही विचारतेस. स्वतःच्या वेळी मात्र नुसत्या चहावर गोळी जाते.

आधी स्ट्रिप उलटून घटक वाच. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. सकाळी ती घेतलीस, दुपारी डोक्यासाठी डोलो ६५० आणि रात्री पाठीसाठी कुणीतरी दिलेली ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल, तर पॅरासिटामॉल तिन्हींत आलं. बेरीज (३२५ + ६५० + ३२५) १३०० मिलिग्रॅम होते, ती दिवसाच्या ४ ग्रॅमच्या मर्यादेत बसते. खरा घोळ आयब्युप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक एकाच दिवशी पोटात जाण्याचा आहे. जठराचं अस्तर आणि किडनीचा रक्तपुरवठा राखणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही शरीरातली रसायनं दोन्ही औषधं रोखतात. मग पोटात आग पडते आणि त्यावर ॲसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल, सुरू होते!

पाळीत मेफेनॅमिक ॲसिड छान लागू पडतं, कारण गर्भाशय आवळणारी प्रोस्टाग्लँडिन्सच ते कमी करतं. म्हणून कळ शिगेला जायची वाट बघू नकोस. दुखायला लागताच, काहीतरी खाऊन घे. दोन-तीन दिवस पुरे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने याच औषधाच्या ड्रेस सिंड्रोमबद्दल, म्हणजे एका गंभीर ॲलर्जिक रिॲक्शनबद्दल, सावध केलं होतं. ही रिॲक्शन दुर्मीळ आहे, पण गोळीनंतरच्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, मानेतल्या-काखेतल्या लसीका गाठींना सूज असं काही दिसलं तर औषध थांबव आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांग. दमा असेल तर आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड या गटातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात ताप असेल तर फक्त पॅरासिटामॉल. डेंगी निघाला तर या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हॉस्टेलवर एकमेकींना डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचणं बंद म्हणजे बंद.

डोकेदुखीसाठी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त गोळ्या लागत असतील आणि असे तीन महिने उलटले असतील, तर गोळीच डोकं दुखवत असण्याची शक्यता आहे. पाठीसाठी आधी बेडची उंची वाढव, पेशंटला वर सरकवताना ड्रॉशीट (पेशंटखालची आडवी चादर) वापर आणि जोडीला कुणाला तरी घे. आणि पाळीचं दुखणं गोळीला दाद देत नसेल किंवा दर महिन्याला वाढत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) असं पेनकिलरखाली वर्षानुवर्षं झाकलं जातं.