चार फुटी टँकमध्ये 10 आफ्रिकन सिक्लिड मासे आहेत, एक पिवळा (आणला तेव्हा निळा होता) सगळ्यांना मारतो, दोन मेले. टँकमध्ये एक प्लास्टिकचा किल्ला आहे, खायला ट्युबिफेक्स किडे देतो. एक मासा खातही नाहीये. काय करू?

तुम्ही लिहिलंय की तो आणला तेव्हा निळा होता आणि आता पिवळा झालाय, म्हणजे बहुतेक केनयी या सिक्लिड जातीचा नर आहे. केनयीची पिल्लं सगळी निळी असतात, नर मोठा झाला की पिवळा होतो, मादी निळीच राहते. फार तापट जात आहे, त्याला आधी दुकानात परत द्या, नाहीतर उरलेलेही जातील.

पण तो गेला की दुसरा कोणीतरी दादागिरी सुरू करेल, कारण तुमच्या टँकमध्ये दगडच नाहीयेत, नुसता एक प्लास्टिकचा किल्ला. हे मबुना मासे, मलावी सरोवरात काठच्या खडकांत राहणारे. तिथे प्रत्येक नराची आपली एक कपार असते आणि मार खाल्लेला मासा लांब पळून जातो, काचेच्या टाकीत तो पळणार कुठे? म्हणून दगड निम्म्या उंचीपर्यंत तरी रचा, असे की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसायला नको. मी पुण्यात साधा काळा दगडच वापरतो, घासून धुऊन. आधी तळाला थर्माकोल, त्यावर दगड, मग वाळू, हा क्रम चुकवू नका, हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर रचलेली रास ढासळते. माझी अशीच रात्रीत कोसळली आणि मागची काच तडकली होती.

आता संख्या. 10 पेक्षा 18-20 बरे, मार वाटला जातो, पण मग फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचंच. प्रत्येक जातीत एका नरामागे तीन-चार माद्या. नवीन मासे एकदमच सोडा, त्याच दिवशी दगडांची जागाही बदला म्हणजे जुन्यांची हद्द मोडते. धरणाचं मऊ पाणी असेल तर फिल्टरमध्ये कोरलचा चुरा टाका, त्याने पाण्याचा पीएच वाढतो, तो 7.8 ते 8.5 असावा.

ट्युबिफेक्स मात्र आजच बंद करा. हे खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे, स्पिरुलिनाचं (एक प्रकारचं शेवाळ) खाणं द्या, कधीतरी उकडलेला पालक.

आणि तो न खाणारा मासा, नीट बघा. पोट फुगलंय आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी येतेय तर ब्लोट, म्हणजे पोट फुगण्याचा आजार आहे, लगेच वेगळा काढा. पण फक्त हनुवटीखाली फुगलंय आणि तोंड चघळल्यासारखं हलतंय तर ती मादी आहे, तोंडात अंडी धरलीत, साधारण तीन आठवडे ती नीट खाणार नाही, तिला अजिबात छेडू नका.