विमानतळ बंद करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मराठवाड्यातल्या लहान विमानतळांबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : आमच्या तालुक्याजवळच्या विमानतळावर नियमित विमान येणं कधीच थांबलंय. कुणी मंत्री आले तरच फाटक उघडतं. विमानच नाही तर खर्च कसला होतो? (एक व्यापारी)

खर्च विमानांच्या संख्येवर कमी आणि परवान्यावर जास्त ठरतो. एटीआर-७२ हे साधारण २७ मीटर लांबीचं विमान घ्या. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे ते अग्निशमनाच्या पाचव्या श्रेणीत येतं. म्हणजे किमान एक फायर टेंडर, फेसासाठी ५,४०० लिटर पाणी आणि धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोचणारी माणसं हवीत. विमानांची ये-जा फारच कमी असेल तर श्रेणीत एका पायरीची सवलत मिळते, पण गाडी आणि माणसं ठेवावीच लागतात. मग विमान आठवड्यातून एक येवो की रोज चार. त्यावर सामानाची तपासणी, हवामानाची उपकरणं, जनरेटर, पावसाळ्यात गवत कापणं आणि उन्हाळ्यात भेगा भरणं.

लहान शहरं विमानानं जोडण्यासाठीच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत २७ एप्रिल २०१७ ला जी पहिली विमानं सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. योजनेत विमान कंपनीला मिळणारं अनुदान तीन वर्षांचं. ‘कॅग’च्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत (‘उडान-३’) ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यापुढे टिकले ५४. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे पंजाब-दिल्लीपासूनचा प्रवासी आहे. ज्या गावाला असा बाहेरचा प्रवासी नाही, तिथं ‘विमान सुरू करा’ म्हणताना चौथ्या वर्षी पैसे कोण भरणार, हेही त्याच निवेदनात विचारायला हवं.

आमचं मत स्पष्ट आहे. चालू ठेवणं आणि कायमचं बंद करणं यांच्यामध्ये एक वाट आहे. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो तो वेळापत्रकाच्या सेवेसाठी. तो सोडून नुसती धावपट्टी जपता येते. हवाई रुग्णवाहिका आणि प्रशिक्षणाची लहान विमानं तिच्यावर उतरू शकतात. त्यासाठी धड कुंपण, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी), पहारेकरी आणि दरवर्षी भेगा भरायला डांबर एवढं लागतं. हेही जमणार नसेल तर पूर्ण बंद करा. फाटकाला कुलूप आणि नकाशावर मात्र विमानतळ चालू, ही अवस्था सगळ्यांत वाईट. इंजिन बिघडलेला वैमानिक नकाशावर विसंबून तिथंच यायला बघेल, आणि खाली धावपट्टीवर शेळ्या बसलेल्या असतील.

प्रश्न : पूर्ण बंद करायचं ठरलं तर कामं कोणत्या क्रमानं होतात? (एक कनिष्ठ अभियंता)

आधी कागद, मग आकाश, शेवटी जमीन. हा क्रम उलटला की काय होतं ते शिकागोत दिसलं. मार्च २००३ च्या अखेरीस एका रात्रीत महापालिकेनं मेग्ज फील्ड या विमानतळाच्या धावपट्टीवर बुलडोझरनं मोठ्या फुल्या खोदल्या. पूर्वसूचना दिलीच नव्हती. सोळा विमानं आत अडकली, ती पुढे टॅक्सी-वेवरून (धावपट्टीपर्यंत जायच्या रस्त्यावरून) उडवावी लागली. महापालिकेला ३३,००० डॉलर दंड बसला आणि अनुदानाचे दहा लाख डॉलर परत करावे लागले.

आपल्याकडे सुरुवात मालकीपासून करा. जमीन कुणाच्या नावावर, भाडेपट्टा कुणाकडे, केंद्राचा पैसा कोणत्या अटीवर आला, हे एका पानावर मांडा. नांदेड, लातूर, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ हे पाच विमानतळ २००९ मध्ये ९५ वर्षांच्या करारानं खासगी कंपनीला दिले होते. असा करार असला तर तो आधी सोडवावा लागतो. मग परवाना परत करण्याचं पत्र, तात्पुरत्या बंदीसाठी नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) आणि कायमच्या बंदीसाठी वैमानिकांच्या अधिकृत माहितीपुस्तकात बदल. ते बदल २८ दिवसांच्या चक्रानं लागू होतात, म्हणून जमिनीवरच्या कामाची तारीख त्या चक्राला जुळवून ठरवा.

जमिनीवर पहिलं काम ‘बंद’ दाखवणाऱ्या खुणांचं. धावपट्टीवर पांढऱ्या फुल्या, टॅक्सी-वेवर पिवळ्या. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक, आणि मध्ये अशा की दोन फुल्यांत ३०० मीटरपेक्षा जास्त अंतर राहणार नाही. २,३०० मीटरच्या धावपट्टीला म्हणून किमान नऊ लागतात. चुन्यानं काढू नका, पहिल्याच पावसात जातील. रस्त्यावरच्या पट्ट्यांचा रंग वापरा. जुनी मधली रेघ, टोकांचे आकडे आणि उंबरठ्याच्या, म्हणजे धावपट्टी सुरू होते तिथल्या पट्ट्या पुसायच्या असतात, आणि चूक इथंच होते. बरेच जण वरून काळा रंग मारून मोकळे होतात. दोन पावसाळ्यांत तो उडतो आणि खालचं पांढरं पुन्हा वर येतं. मिलिंग मशीननं काही मिलिमीटर खरवडून काढणं महाग पडतं, पण ते एकदाच करावं लागतं. विंडसॉक आणि ‘पापी’चे (उतरताना वैमानिकाला योग्य उतार दाखवणारे) दिवे त्याच दिवशी उतरवा. विंडसॉक फडफडत राहिला तर वरून जागा जिवंत दिसते.

धावपट्टीच्या दिव्यांचं काम मात्र घाईत करायचं नाही. हे दिवे एकाच माळेत असतात आणि रेग्युलेटर त्यांना पूर्ण तेजावर ६.६ अँपिअरचा स्थिर प्रवाह देतो. माळ कुठंही तुटली की तेवढाच प्रवाह टिकवायला रेग्युलेटर विजेचा दाब चढवत नेतो, आणि तुटलेल्या टोकाला हजारो व्होल्ट येऊ शकतात. संरक्षणाची सोय असते, पण जुन्या यंत्रात तिच्यावर विसंबू नका. आधी मुख्य पॅनेलवर पुरवठा तोडून कुलूप आणि पाटी लावा, केबलला अर्थिंग द्या (जमिनीशी जोडा), मीटरनं तपासा, मगच दिव्याला हात लावा. प्रत्येक दिव्यामागे खड्ड्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तोही काढा. केबल ओढून घ्या, नाहीतर तांब्यासाठी चोर कुंपण तोडतील. रिकामे खड्डे त्याच आठवड्यात मुरूम टाकून चोपा, कारण गुराचा पाय अशाच खड्ड्यात मोडतो.

इंधनाची टाकी असेल तर ती रिकामी करून, वायुमुक्त असल्याची तपासणी झाल्याशिवाय गॅस कटर जवळ नेऊ नका. तळाचा गाळ घातक कचऱ्यात जातो. टाकीचा परवाना पेसोकडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेकडे परत करावा लागतो. जुन्या अग्निशमन फेसात बहुधा पीएफएएस नावाची, मातीत न कुजणारी रसायनं असतात. उरलेले कॅन नाल्यात ओतू देऊ नका. आगीचा सराव जिथं होत असे, तिथून उताराकडच्या विहिरींचं पाणी तपासून घ्या.

आणि चर! काळ्या मातीत हे विसरून चालत नाही. धावपट्टीचं सगळं पाणी बाजूच्या चरांतून जातं. देखभाल थांबली की चर गाळानं भरतात, माती फुगते, कडा उचलल्या जातात आणि पाणी शेजारच्या शेतात घुसतं. विमानतळ बंद झाला तरी चर उपसण्याची जबाबदारी कुणाची, हे हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : आमची जमीन विमानतळासाठी गेली. आता ती परत मिळेल का? (एक शेतकरी)

खोटी आशा लावणार नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ताबा गेला की जमीन पूर्णपणे शासनाची होते. हेतू संपला म्हणून मूळ मालकाला ती मागण्याचा हक्क उरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी म्हटलंय. पाच वर्षं वापर झाला नाही तर जमीन परत किंवा भूमी बँकेत, हे २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १०१ त्या नव्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनीसाठी आहे. म्हणून निवाड्याची प्रत, ताबा पावती आणि सातबारावरचा फेरफार आधी काढा. ताबा कधीच घेतला गेला नसेल किंवा मोबदला राहिला असेल, तर तुमची बाजू वेगळी ठरते. वकिलाकडे हे तीन कागद घेऊन जा.

प्रश्न : विमानतळ बंद झाल्यावर बांधकामाच्या उंचीची अट सुटते का? (एक गृहस्थ)

फाटक बंद झाल्यानं सुटत नाही. २०१५ च्या उंचीविषयक नियमांच्या यादीत नाव आहे तोवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागू राहतो. ग्रामपंचायतीनं ठराव करून यादीतून नाव वगळण्याची मागणी कलेक्टरांमार्फत लावून धरावी.

प्रश्न : तोवर धावपट्टीवर सोयाबीन वाळवलं तर? (एक बचत गट)

अधिकृतपणे बंद होऊन फुल्या पडेपर्यंत नाही. मंत्र्याचं किंवा रुग्णाचं विमान अचानक येऊ शकतं. पुढे ताबा ज्याच्याकडे असेल त्याची लेखी परवानगी घ्या. तेलासाठी विकायचा माल चालेल, पण डांबराची खडी त्यात मिसळते, म्हणून खाली ताडपत्री हवीच. बियाण्याचं सोयाबीन मात्र भर दुपारी तापलेल्या डांबरावर टाकू नका. साल तडकते आणि उगवण घटते. ते सकाळच्या कोवळ्या उन्हात पातळ पसरा आणि मळणीनंतर ओलावा १०-१२ टक्क्यांवर आला की पोत्यात भरा.