आवडत्या संगीतकाराला मानवंदना म्हणून अल्बम करायचा आहे, चाहत्यांकडे पैसे मागणं बरं दिसेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही गिटार वाजवता, कुठल्याही कंपनीशी बांधलेले नाही, जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट तुमचं दैवत आहे आणि त्याच्या काही रचनांचा अल्बम काढायचाय. फक्त ‘दुसऱ्याच्या संगीतासाठी लोकांपुढे हात कसा पसरायचा’ या प्रश्नावर गाडी अडली आहे.

खुशाल मागा. फक्त जँगोच्या नावावर मागू नका, स्वतःच्या वाजवण्यावर मागा. मीही गिटारवालाच, आणि लोकवर्गणीतून अल्बम काढलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जँगोचे चाहते जगभर आहेत हे खरं, पण त्यांच्यापाशी खुद्द जँगो आहे. १९३४ साली पॅरिसमध्ये जमलेला तो पाच जणांचा संच, तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास आणि ड्रमचं नाव नाही, आज कुणालाही बसल्या जागी ऐकता येतो. तेच पुन्हा तुमच्याकडून तसंच्या तसं ऐकायला त्याचा चाहता खिशात हात का घालेल? पैसे देतील ते तुमचं आधीचं काम ऐकलेले लोक. त्यांतल्या कित्येकांना जँगो कोण हेही ठाऊक नसेल, आणि त्यानं काही बिघडत नाही. त्यांना एवढंच कळायला हवं की या माणसाच्या संगीतात तुम्हाला असं काय सापडलंय.

ते सांगताना चरित्र सांगत बसू नका. १९२८ साली त्याच्या कॅरॅव्हॅनला, म्हणजे राहत्या गाडीला, आग लागली, डावा हात भाजला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जवळजवळ निकामी झालं, आणि पुढची सगळी सोलो त्यानं मुख्यतः दोन बोटांवर काढली, ही गोष्ट सगळेच सांगतात. तुम्ही ती वाजवून दाखवा. त्याच्या सोलोमधला एखादा वेगवान तुकडा घ्या, अर्ध्या गतीवर ऐका आणि फक्त तर्जनी-मधल्या बोटानं काढून बघा. चार बोटांची सवय असलेला हात एका जागी बसतो आणि तारा बदलत तो तुकडा सहज काढतो. दोन बोटांच्या हाताला ते जमत नाही, त्याला गिटारच्या मानेच्या लांबीनं सरकत वर जावं लागतं. स्वर तेच, पण प्रत्येक सरकण्याबरोबर स्वराला एक हलका धक्का बसतो, आणि आपण ज्याला जँगोचा झपाटा म्हणतो त्यातला बराचसा त्या धक्क्यात आहे. उजव्या हाताचंही असंच. या शैलीत तार बदलली की पहिला आघात वरून खाली, शिवाय पिक (तार छेडायची पट्टी) पुढच्या तारेवर जाऊन टेकतं. ही सवय लागली की आवाज एकदम भरीव येतो.

एकच तुकडा दोन्ही पद्धतींनी वाजवलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा. साइटवर वर्गणी मागायचं जे पान कराल, त्या मदतीच्या पानावर सगळ्यात वर तोच लावा. (जँगोसारखी बारीक मिशी ठेवून, केस चापून फोटो काढायचा मोह आवरा. त्या फोटोला लाइक येतात, पैसे येत नाहीत.)

आता किचकट भाग. पैसे मागण्याआधी हक्कांचा निकाल लावून घ्या, कारण लोकांचे पैसे घेतल्यावर ‘हे गाणं वगळावं लागतंय’ म्हणणं फार अवघड जातं. जँगो १९५३ साली गेला. बऱ्याच देशांत रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो, भारतात ६०. त्यामुळे फक्त त्याच्या एकट्याच्या रचना त्या देशांत आता बहुतेक खुल्या आहेत. पण त्याची अतिशय गाजलेली रचना ‘मायनर स्विंग’ (१९३७) ही त्याची आणि व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीची मिळून आहे. ग्रापेली १९९७ साली वारला, आणि संयुक्त रचनेची मुदत शेवटच्या रचनाकाराच्या मृत्यूपासून मोजतात. म्हणजे ७० वर्षांच्या देशांत २०६७ अखेरपर्यंत आणि भारतात २०५७ अखेरपर्यंत तिच्यावर हक्क शाबूत. अमेरिकेचा हिशेब आणखी निराळा, तिथे जुन्या रचनांची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जाते.

हक्क शाबूत असला म्हणजे वाजवता येत नाही असं नाही. परवाना घ्यायचा, पैसे भरायचे. पण अटी नीट वाचा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी प्रमाणे कव्हर (दुसऱ्याची रचना स्वतः वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण) काढायचं तर मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपून पुढची पाच वर्षं उलटलेली लागतात, आगाऊ नोटीस लागते, आणि रॉयल्टी किमान ५०,००० प्रतींची भरावी लागते (ठरावीक भाषा-बोलीतल्या रचनांसाठीच हा आकडा कमी ठरवता येतो). आपल्यासारख्या स्वतंत्र कलाकाराला त्यापेक्षा थेट हक्कदार प्रकाशकाला पत्र लिहून छोट्या आवृत्तीचा दर ठरवणं सोयीचं, असं माझं मत. व्हिडिओसाठी परवानगी वेगळी. जुन्या रेकॉर्डचा तुकडा जोडणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, १९३७ सालचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत २०३७ संपेपर्यंत संरक्षित आहे. मुखपृष्ठावर जँगोचा फोटो टाकायचा तर आधी छायाचित्रकाराच्या हक्काची चौकशी करा. हा सगळा खर्च मदतीच्या पानावर उघड लिहा. परवान्यासाठी पैसे बाजूला काढलेत हे वाचून लोकांचा विश्वास बसतो, कारण मानवंदनेच्या नावाखाली फुकट उचललेलं पुष्कळ फिरत असतं.

चाहत्यांच्या पैशावर संगीत होतं का, ही शंका मनातून काढून टाका. १९९७ साली मॅरिलियन या ब्रिटिश बँडच्या चाहत्यांनी त्यांच्या अमेरिका दौऱ्यासाठी आपण होऊन सुमारे ६०,००० डॉलर जमवले, आणि पुढे २००१ सालच्या अल्बमचा खर्च बँडनं आगाऊ नोंदणीवर काढला. जॅझ संगीतकार मारिया श्नायडरनं चाहत्यांच्या पैशातून केलेला अल्बम दुकानात न विकताच २००५ साली ग्रॅमी घेऊन गेला. याची दुसरी बाजूही आहे. प्लेजम्युझिक नावाची वर्गणी गोळा करणारी साइट २०१९ साली बुडाली आणि अनेक कलाकारांच्या चाहत्यांनी भरलेले पैसे अडकले. तेव्हा साइट निवडताना जमलेली रक्कम कुणाच्या खात्यात राहते आणि हातात कधी पडते, हे आधी विचारा. किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवर ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, त्यातून पाच टक्के तिचे, वर पैसे वळते करण्याचं शुल्क. शिवाय ती प्रत्येक देशातल्या कलाकाराला खुली नाही. एकट्यानं छोटं काम करायचं असेल तर बँडकॅम्प या संगीत विकायच्या साइटवर आगाऊ विक्री लावणं मला जास्त सुटसुटीत वाटतं.

भेटवस्तूंच्या भानगडीत फार पडू नका. टी-शर्ट, मग वगैरे छापून पाठवण्यात टपालखर्चच वर्गणी खाऊन टाकतो. त्याऐवजी दोन बोटांच्या वादनावर एक व्हिडिओ धडा द्या. सोलोचं नोटेशन द्यायचा विचार असेल तर हक्क शाबूत असलेल्या रचनेसाठी त्याचीही परवानगी लागते, हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. जँगो मनूश रोमा समाजातला, आणि हे संगीत त्या समाजात अजून घरोघरी वाजतं, पोरं काकामामांकडून शिकतात. ऱ्हिदम गिटारसाठी त्यांच्यातल्या एखाद्या वादकाला रीतसर मानधन देऊन घेता आलं, दूरवरून ध्वनिमुद्रण करून का होईना, तर जरूर घ्या. खर्चाच्या यादीत तो आकडा मला स्टुडिओच्या भाड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पान उघडण्याआधी ओळखीच्या श्रोत्यांना एकेकाला निरोप पाठवा, सगळ्यांना एकच मजकूर ढकलू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडा हलला की अनोळखी माणूसही थांबून बघतो. जँगोच्या चाहत्यांच्या गटांत मात्र निदान एक रचना पूर्ण ध्वनिमुद्रित झाल्यावरच जा. ती मंडळी कानानं पारखतात.