टाच नसलेला मोजा, एसटीत विणता येईल असा

प्रश्न: ताई, मी रोज कोल्हापूर-इचलकरंजी एसटीने ये-जा करते, जाऊन येऊन दोन तास जातात आणि मोबाईल बघून बघून मान धरते. आईकडून सुलट-उलट शिकलेय, मफलर दोन झालेत. आता सासऱ्यांना मोजे विणून द्यायचेत, त्यांना शुगर आहे आणि रात्री पाय गार पडतात, पण टाच वळवायची म्हटलं की हात थांबतो. बिनटाचेचे मोजे असतात का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: असतात की! आणि पहिला मोजा बिनटाचेचाच कर असं मी सगळ्यांना सांगते. सरळ नळीच ती, पण त्यात तिरकी रिब, म्हणजे सुलट आणि उलट टाक्यांच्या तिरक्या जाणाऱ्या पट्ट्या, घालायची, म्हणजे ती ताणली जाऊन टाचेवर आपोआप बसते, शिवाय कसाही फिरवून घातला तरी चालतो म्हणून एकाच जागी झिजत नाही.

दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या ४ सुयांचा सेट घे, १० नंबरचा म्हणजे सव्वातीन मिमी. स्टीलच्या सुयांवरनं टाके सटासट निसटतात, एसटीत तर विचारूच नको, म्हणून बांबूच्या मिळाल्या तर बघ. मध्यम जाडीची लोकर, १०० ग्रॅममध्ये मोठ्या माणसाची जोडी होते. नुसती अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपी पण पाय घामेजतो, नुसती लोकर गरम पाण्यात आटून नमद्यासारखी होते, त्यापेक्षा लोकर-नायलॉन मिक्स मिळाली तर सोडू नको, टिकते पण.

४८ टाके घाल, सैल घाल हं, हवं तर एका नंबरने जाड, म्हणजे ९ नंबरच्या सुईवर, कारण शुगरच्या माणसाच्या पायावर मोज्याच्या तोंडाचा वळ उठता कामा नये. ३ सुयांवर १६-१६ वाटून घे, चौथीने विणायचं. गोल जोडताना टाक्यांची कड कुठं पिळली नाही ना ते बघच, पीळ राहिला तर अख्खं उसवावं लागतं. प्रत्येक सुईचा पहिला टाका जरा ओढून घे, नाहीतर तिथं जाळी पडते. तोंडाला २ सुलट २ उलट ५ सेंमी, मग ३ सुलट ३ उलट, आणि दर ४ ओळींनी ही नक्षी एका टाक्याने पुढं सरकवायची, झाली तिरकी रिब. एकूण लांबी साधारण ३५ सेंमी झाली की पंजा, म्हणजे बोटांकडचं बंद टोक.

पंजाला ६ सुलट, मग २ टाके एकत्र विणून एक करायचा, असं गोलभर, पुढची ओळ साधी. मग ५ सुलट, २ एकत्र, परत साधी ओळ. असं एकेक कमी करत १२ टाके उरले की दोरा कापून सुईने सगळ्यातून ओवून घट्ट ओढ आणि टोक आतून टाक्यांत ओवून लपव, गाठ नको, ती पायाला टोचेल.

आता प्रवासाचं. टाके घालणं आणि पंजा घरी, मधली तिरकी रिब तेवढी एसटीत, त्यात डोळे लावून बसायला लागत नाही. मी कोयना एक्सप्रेसने मुंबईला जाताना मिरजेला सुरू केलेली नळी पुण्यापर्यंत बोटांच्या सवयीने वाढत गेली होती, बाजूच्या आजींशी गप्पा मारता मारता. उतरायच्या आधी सुयांच्या टोकांना रबरबँड गुंडाळ आणि कितवी ओळ ते चिठ्ठीवर लिही, दुसरा मोजा त्याच मापाचा व्हायला ती चिठ्ठीच कामी येते. आणि पहिला संपला त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके घालून ठेव, उद्यावर टाकलंस की एकटा मोजा कपाटात पडून राहतो, माझ्याकडं तसे दोन आहेत.

एक मात्र सासऱ्यांना नीट सांग, हे अंथरुणातले मोजे. फरशीवर, त्यात ओल्या बाथरूमकडं जाताना ते घसरतात. घरात फिरायचंच असेल तर तळाला मऊ चामड्याचा तुकडा शिवून दे, आणि तो शिवताना टाके आतल्या बाजूला टोचत नाहीत ना ते हात घालून बघ, कारण शुगरमुळं पायाची जाणीव कमी झाली असेल तर त्यांना कळणार नाही.