हातातल्या जीपीएसवर जिओकॅश उतरवताना
सिंहगडाच्या वाटेवर निघण्यापूर्वी यंत्रात जिओकॅशची (म्हणजे इतरांनी लपवून ठेवलेल्या आणि जीपीएसच्या मदतीने शोधायच्या डब्यांची) माहिती भरून घेण्याचा आपला विचार योग्यच आहे. आरंभी मात्र एवढेच सांभाळावे.

१. फाइल जीपीएक्स (जीपीएस यंत्रांना वाचता येणाऱ्या) स्वरूपातच घ्यावी, कारण एलओसी या दुसऱ्या स्वरूपाच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश मिळाले तरी वर्णन, संकेत आणि आधीच्या शोधकांच्या नोंदी मिळत नाहीत, आणि झाडीत उभे असताना नेमका संकेतच हवा असतो.

२. पॉकेट क्वेरी (जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावरून अनेक कॅशची माहिती एकत्र उतरवण्याची सोय; ती सशुल्क सदस्यांनाच आहे) झिप स्वरूपात आल्यास ती आधी उघडावी आणि आतील फाइल गार्मिन कंपनीच्या जीपीएस यंत्रातील ‘जीपीएक्स’ फोल्डरमध्ये ठेवावी. बहुतेक नवखे इथेच अडतात.

३. एका क्वेरीत १००० कॅश मावत असले तरी सारा जिल्हा उतरवू नये.

फाइल आदल्या रात्री ताजी घ्यावी, कारण बंद झालेला कॅश जुन्या फाइलमध्ये चालूच दिसतो. कॅशच्या नोंदी संगणकावर साठवणाऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरचा विचार सध्या नको.