जुन्या गॅरेजच्या जागेवर घर बांधायचंय, तेल मुरलेल्या मातीचं काय करावं?

त्या कंत्राटदाराला आधी चहा पाजून घरी पाठवा.

तुम्ही लिहिलंय की अनगोळात चार गुंठे जागा बघितलीय, तिथं पूर्वी गाड्यांचं गॅरेज होतं, माती काळी आणि तेलकट आहे, मागं परसबाग करायचीय, आणि कंत्राटदार म्हणतोय, ‘वर दोन फूट मुरूम अंथरू, कोबा करू, विषय संपला.’ मुरमाचं हे वाक्य मी माझ्या साडूच्या तोंडून ऐकलंय. त्यामुळं उत्तर जरा लांबणार.

आमचं गॅरेज खानापूर रोडला होतं. वडील मिस्त्री, काम ट्रकचं. गोव्याच्या गाड्या रात्री-अपरात्री येऊन उभ्या राहायच्या. जळकं ऑइल तेव्हा टाकाऊ नव्हतं. सेंटरिंगवाले प्लेटांना लावायला न्यायचे, कोणी चौकटींना वाळवी लागू नये म्हणून डबाभर मागायचं, आणि उरलेलं आवारात धूळ बसावी म्हणून शिंपडलं जायचं. सगळ्या गॅरेजांत हेच चालायचं. आज मिस्त्री लोकांना नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या घराचा स्लॅब कुठल्या ऑइलवर सुटला ते आधी विचारावं. पार्ट धुतलेलं डिझेल पिटात, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यात जायचं, आणि पिटाचा तळ मातीचा.

वडील गेल्यावर भावांनी तिथं गाळे काढायचं ठरवलं आणि काम साडूकडं गेलं. साडू बांधकामात मुरलेला माणूस, हिशेबाला पक्का. तो म्हणाला, “तेल हाय तर राहू दे की खाली. वर कोण बघायला येतंय?” मी म्हणालो, शेजारच्या मावशींच्या विहिरीवर पावसाळ्यात रंगीत तवंग येतो, तो कुठनं? तर म्हणे रोडचं पाणी वाहून येतंय.

आता हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे. बेळगावच्या या अंगाला तांबडी माती आणि खाली जांभा. जांभा भोकाभोकाचा दगड. डिझेल त्यातनं वाट काढत खाली उतरतं आणि पाण्याला टेकलं की त्यावर तरंगत आडवं पसरतं. पूर्वेकडं काळी माती लागते, तिथं उन्हाळ्यात भेगा पडतात आणि तेल त्या भेगांतून खोल जातं. वरच्या मुरमानं यातलं काय थांबणार? कोब्यानं वरनं मुरणारं पाणी कमी होईल, मान्य. पण पावसाळ्यात भूजल खालनं वर चढतं, ते काय साडूला विचारून चढतं? शिवाय पेट्रोल सांडलेलं असेल तर त्यातलं बेंझीन वाफ होऊन फरशीच्या फटींतून खोलीत येतं. बेंझीननं कॅन्सर होतो, यात वादाला जागा नाही.

भावांशी भांडून मी पिटाच्या कडेनं उकरायला घेतलं. जिथवर वास येत होता तिथवर खणलं, पार जांभ्यापर्यंत. निघालेली माती आवारातल्या जुन्या काँक्रीटवर जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर पसरली. तेल खाणारे जिवाणू आपल्या मातीत असतातच, त्यांना हवा, ओल आणि नत्र-स्फुरद लागतं. पुस्तकी प्रमाण कार्बन १००, नत्र १०, स्फुरद १ असं आहे. आम्ही शेणखत, युरिया आणि थोडं सुपर फॉस्फेट मिसळलं, वाफसा राहील एवढंच पाणी मारलं आणि ढीग वरचेवर उलटत राहिलो. पावसाळ्यात ताडपत्री टाकायचीच, नाहीतर ढिगात पाणी भरून हवा कोंडते आणि तेल ओघळून गटारात जातं. दिल्लीच्या टेरी संस्थेनं यासाठी ‘ऑइलझॅपर’ नावाचं जिवाणूंचं मिश्रण काढलंय, तेल कंपन्यांच्या गाळासाठी ते वापरतात. चार गुंठ्यांना त्याची गरज नाही असं माझं मत.

डिझेलचा वास वर्षभरात गेला आणि तपासणीतही आकडा चांगला उतरला. इंजिन ऑइलची माती मात्र हट्टी, ती शेवटपर्यंत काळपटच राहिली. गाळे तेवढे लांबले. बुडालेलं भाडं साडू अजून प्रत्येक लग्नात पंगतीला बसून मोजून दाखवतो. मावशींच्या विहिरीवरचा तवंग पुढं दिसेनासा झाला, तर त्याचं श्रेय तो रोडच्या नव्या गटाराला देतो. गटार तवंग गेल्यानंतर झालं. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

जे खरं भीतीचं आहे त्याचा वासच येत नाही. गॅरेजात बॅटरीचं टेबल कुठं होतं ते जुन्या कामगाराला शोधून विचारा. त्या कोपऱ्यात शिसं असतं. ते कुजत नाही, उडत नाही, शेणखतानं हलत नाही. जुन्या जागेत पेट्रोलमधलंही सापडतं, कारण आपल्याकडं देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आलं. लहान मुलं मातीत खेळून हात तोंडात घालतात आणि शिसं मेंदूवर जातं. आमची त्या कोपऱ्यातली माती वेगळी ड्रममध्ये भरून, प्रदूषण मंडळाची कागदपत्रं करून बेंगळूरजवळच्या दाबसपेटला घातक कचऱ्याच्या प्रकल्पात पाठवली. हा खर्च झोंबला, खोटं कशाला बोलू. तरी ती माती कुणाच्या शेताच्या बांधावर ओतायचा साडूचा सल्ला ऐकला नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.

तुम्ही बयाणा देण्याआधी मातीचे नमुने काढा. पिटाचा तळ, बॅटरीचा कोपरा, रंगकामाची जागा, आणि तुलनेला कुंपणाजवळची स्वच्छ माती. वरवरची खरवडून नेऊ नका, खोलीप्रमाणं वेगवेगळी घ्या. एनएबीएल (लॅबची पारख करून मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये टीपीएच (मातीतलं एकूण पेट्रोलियम तेल), बीटीईएक्स (बेंझीन आणि त्याच्या जातीची उडणारी रसायनं) आणि शिसं एवढं तरी बघा. रंगकाम होत असेल तर क्रोमियमही. विहीर किंवा बोअर असेल तर पाण्याचा नमुना पण. रिपोर्ट हातात घेऊन भाव पाडा, खणाईचा खर्च मालकाच्या अंगावर टाका. दूषित जागांसाठी केंद्रानं २०२५ मध्ये वेगळे नियम काढलेत, त्यातही ज्यानं घाण केली त्यानंच पैसे भरायचे हेच धोरण आहे. पण खरेदीखत झाल्यावर जुना मालक फोन उचलणार नाही, हे मी बघितलंय.

परसबागेसाठी वाफे जमिनीच्या वर बांधा आणि माती बाहेरून आणा. जुन्या मातीत पालेभाजी लावू नका, स्वच्छ झाली तरी मी लावणार नाही.

एक राहिलं. जमिनीत टाकी पुरलेली निघाली तर थांबा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ कोंडलेली असते, गॅसकटर जवळ आणला की स्फोट. ते काम जाणकारांचंच. आणि मी मिस्त्रीचा पोरगा, मृदाशास्त्रज्ञ नव्हे. ढीग उलटायचा प्रकार घराजवळ, चालू विहिरीजवळ करू नका, आणि पेट्रोलच्या मातीला तर मुळीच नको, कारण त्यातलं निम्मं तुमच्या नाकात जातं. माती जास्त असेल तर आधी कर्नाटक प्रदूषण मंडळाच्या बेळगाव कार्यालयात जाऊन विचारा. जागा चंदगडकडं, हद्दीपलीकडं असती तर महाराष्ट्राचं मंडळ लागलं असतं.

साडूभाऊ हे वाचतील, पोरं फोनवर दाखवतात त्यांना. तर साडूभाऊ, तुम्ही मुरूम टाकलेल्या त्या दुसऱ्या गॅरेजच्या जागेतल्या बोअरचं पाणी एकदा तपासून आणा, रिपोर्टचे पैसे मी देतो, मग भाड्याचा हिशेब काढू.